पायातल्या वहाणेचा हिशेब

(वर्षावासानिमित्त समितीने आयोजित केलेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत आजवर पंचशील, अष्टांगिक मार्ग, बावीस प्रतिज्ञा अशा थोर विषयांवर विद्वान वक्त्यांची व्याख्याने झाली. मला विषय विचारला तेव्हा मी ‘चपला आणि जोडे’ असे सांगितले. काही मंडळी हसली. हसण्यासारखे आहेच, कारण विहारात येताना जी वस्तू आपण दाराबाहेर काढून ठेवतो, तिच्यावर विहारात बसून बोलायचे. परंतु तथागतांनी ही वस्तू विचाराच्या दाराबाहेर ठेवली नव्हती. विनयपिटकातील महावग्गाचा पाचवा खंधक मुख्यतः चामडे आणि पादत्राणे यांविषयीच आहे. भिक्खूंनी पायात काय घालावे, काय घालू नये आणि का, याचा तेथे बारकाईने विचार केलेला आहे. तेव्हा विषय लहान असला तरी परका नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. आपण जोडे कमी घ्यावेत, पण चांगले घ्यावेत. दर तीन-चार महिन्यांनी फेकावी लागणारी चप्पल गरिबाला परवडते असे आपण समजतो. वास्तविक तीच त्याला परवडत नाही. पण हे नुसते सांगून भागणार नाही. ज्याच्या हातात एकरकमी पैसे नाहीत, त्याला हा उपदेश म्हणजे जखमेवर मीठ आहे. म्हणून या गोष्टीचा शेवट व्यक्तीपाशी न होता समितीपाशी होतो. तेथपर्यंत मला आपणांस न्यायचे आहे.

प्रथम धम्मातला दाखला पाहू. वीणेच्या तारांचा दृष्टांत आपण सर्वांनी ऐकला आहे. तारा फार ताणल्या तर सूर नीट निघत नाही, फार सैल सोडल्या तरी निघत नाही. तथागतांनी हा दृष्टांत ज्याला सांगितला, तो चंपा नगरीतील श्रीमंत घराण्याचा सोण कोळिविस. पायाला कधी खडा न टोचलेला हा तरुण भिक्खू झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात चंक्रमण करताना त्याचे पाय फुटून वाट रक्ताने माखली. दृष्टांत आपल्याला पाठ असतो. पुढचे मात्र सहसा सांगितले जात नाही. तथागतांनी त्याला एक तळ असलेली वहाण वापरण्याची परवानगी दिली. त्यावर सोण म्हणाला की, मी गाड्या भरून सोने सोडून आलो. आता एकट्याने वहाणा घातल्या तर लोक म्हणतील, याने सोने सोडले, पण वहाणांचा मोह सुटला नाही. भिक्खुसंघाला परवानगी असेल तर मी घालीन, नसेल तर नाही. तेव्हा तथागतांनी सर्व संघालाच एक तळाच्या वहाणांची अनुज्ञा दिली.

या कथेत दोन गोष्टी ध्यानात घ्या. पाय रक्तबंबाळ होईपर्यंत सोसणे म्हणजे धम्म नव्हे, हे तथागतांनी स्पष्ट केले. आणि मिळायचे तर सर्वांना मिळावे, हे सोणाने सांगितले. आजच्या विषयाची ही दोन टोके आहेत.

दुसरा दाखला आपल्याला अधिक जवळचा आहे. महाकच्चान हे तथागतांचे थोर शिष्य अवंती देशात, म्हणजे उज्जैनच्या बाजूला, राहत असत. त्यांनी आपल्या सोण कुटिकण्ण या शिष्याकरवी तथागतांकडे काही विनंत्या पाठविल्या. त्यांपैकी एक वहाणांची होती. अवंती-दक्षिणापथाची जमीन काळी आहे, कठीण आहे, गुराढोरांच्या खुरांनी तुडवून खडबडीत झालेली आहे. तेथे एका तळाची वहाण पुरत नाही, तरी अनेक पदरी तळाच्या वहाणा घालू द्याव्यात, अशी ती विनंती. तथागतांनी ती मान्य केली. काळी, कठीण आणि खुरांनी तुडवलेली! आपल्या केळापूर तालुक्यातील वावराचे वर्णन याहून वेगळे काय करणार? माळव्याची काळी माती आणि विदर्भाची काळी माती एकाच प्रकारच्या बेसॉल्ट खडकाची बनलेली आहे. पावसाळ्यात तिचा चिखल पायाला धरून ठेवतो, उन्हाळ्यात तिची ढेकळे दगडासारखी होतात. त्यात बाभळीचे आणि बोराटीचे काटे, आणि पऱ्हाटी उपटल्यावर किंवा कापल्यावर राहिलेली खुंटे.

म्हणजे नियम एकदा केला आणि सर्व देशांवर लादला असे तथागतांनी केले नाही. पाय पाहिला, जमीन पाहिली, मग नियम बदलला. पण त्याच ठिकाणी त्यांनी दुसरी रेषाही आखली. रंगीबेरंगी वहाणा, मेंढ्याच्या शिंगांच्या आकाराच्या टोकांच्या वहाणा, मोरपिसे शिवलेल्या वहाणा त्यांनी भिक्खूंना नाकारल्या. आपण गृहस्थ आहोत, भिक्खूंचे नियम आपल्यावर बंधनकारक नाहीत. तरी त्यातली कसोटी घेण्यासारखी आहे: वहाण पायासाठी आणि जमिनीसाठी असते, लोकांना दाखविण्यासाठी नसते.

आता येथे कोणी म्हणेल, दाखविण्याचा प्रश्न आपल्या समाजात इतका सोपा नाही. खरे आहे. मराठीत एक म्हण आहे, ‘पायातली वहाण पायातच बरी.’ ती कोणाला उद्देशून वापरली गेली, हे आपल्याला सांगायला नको. स्त्रियांना आणि आपल्या पूर्वजांना. ज्यांना वहाण म्हटले गेले, त्यांना वहाण घालण्याचीही मुभा नव्हती. अनेक गावांत सवर्णांच्या वस्तीतून जाताना जोडे काढून हातात घ्यावे लागत. अशा समाजातील माणसाने पायात चांगला जोडा घालून ताठ मानेने रस्त्याने चालावे, यात चैन नाही. तो माणुसकीचा हक्क आहे. बाबासाहेबांचा नीटनेटका पोशाख आणि पायातले बूट पाहून आपल्या आज्या-पणज्यांना जो अभिमान वाटला, तो कापडाचा आणि कातड्याचा नव्हता.

पण याच बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे जे भाषण केले, त्यातला मुद्दा आज आठवावा. गळ्यात अनेक गळसऱ्या आणि हातात कोपरापर्यंत कथलाच्या किंवा चांदीच्या पाटल्या-बांगड्या घालण्याची रीत सोडा, असे त्यांनी सांगितले. एक गळसरी पुरे. हलक्या धातूच्या दागिन्यांवर पैसा घालविण्यापेक्षा तो कपड्यांवर खर्च करा. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाही तर घालू नका, असा त्यांचा आशय होता. कमी घ्या, पण अस्सल घ्या. गरिबांनी चांगले वापरू नये असे ते म्हणाले नाहीत. गरिबीची खूण बनलेल्या हलक्या वस्तूंचा ढीग अंगावर वागवू नका, असे म्हणाले. जोड्यांनाही हाच न्याय लावता येईल.

आता हिशेबाकडे वळतो. मी बँकेत कारकून आहे, तेव्हा हा भाग मला टाळता येणार नाही. समजा, एक माणूस २०० रुपयांची चप्पल घेतो आणि ती चार महिने टिकते. वर्षाला तीन चपला, म्हणजे ६०० रुपये. दोन वर्षांचे १,२०० रुपये. दुसरा माणूस ९०० रुपयांची मजबूत सँडल घेतो. ती दोन वर्षे टिकते आणि दुसऱ्या वर्षी शिलाई, बक्कल, टाच यांवर १०० रुपये खर्च होतात. एकूण १,००० रुपये. दोन वर्षांत फरक २०० रुपयांचा. तिसऱ्या वर्षी २५० रुपये देऊन नवा तळ लावता आला, तर तीन वर्षांचा खर्च १,२५० रुपये. स्वस्त चपलांचा १,८०० रुपये. फरक ५५० रुपये. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या घरचे आकडे घालून पाहावेत.

फरक फार मोठा नाही, हे मी मुद्दाम सांगतो. चांगले जोडे घेतल्याने कोणी श्रीमंत होत नाही. परंतु या हिशेबात एक गोष्ट दडलेली आहे. पहिल्या वर्षी स्वस्तवाल्याचे ६०० रुपये जातात आणि चांगल्यावाल्याचे ९००. म्हणजे पहिल्या वर्षी चांगला जोडा ३०० रुपयांनी महाग पडतो. दुसऱ्या वर्षी ६०० विरुद्ध १००. तेथे ५०० रुपये वाचतात. लाभ दुसऱ्या वर्षी आहे, भार पहिल्या वर्षी आहे. आणि गरीब माणूस पहिल्या वर्षापाशीच अडखळतो. त्याला हिशेब कळत नाही असे नव्हे. ९०० रुपये एका दिवशी त्याच्या हातात नसतात. २०० असतात. म्हणून तो दर चार महिन्यांनी २०० देत राहतो आणि वर आपण त्याला उधळ्या म्हणतो.

आपल्या भागात त्यात आणखी एक अडचण आहे, ती पैशाच्या हंगामाची. बँकेच्या खिडकीतून हा हंगाम स्पष्ट दिसतो. जूनमध्ये पैसे काढणाऱ्यांची रांग असते, दिवाळीनंतर भरणाऱ्यांची. जूनमध्ये बी-बियाणे, खते, आणि विदर्भातल्या शाळा उघडतात त्याही जूनच्या अखेरीस. वह्या, दप्तर, गणवेश सगळे एकदम. त्याच वेळी पाऊस पडतो आणि जुनी चप्पल चिखलात पट्टा सोडते. ज्या वेळी जोड्याची सर्वांत अधिक गरज, त्याच वेळी घरात पैसा सर्वांत कमी. उलट वेचणी सुरू झाली, कापूस विकला गेला की चार पैसे हातात येतात. त्या वेळी जमीन सुकलेली असते आणि जोड्याची आठवण कोणाला येत नाही.

मग स्वस्त चप्पल तुटते तेव्हा काय होते? आपल्या माताभगिनी पट्ट्याच्या बोंडाखाली सेफ्टी पिन लावतात आणि आणखी महिनाभर ओढतात. हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पिन कधी उघडते आणि पायात घुसते, कधी पट्टाच तुटतो आणि उरलेला दिवस अनवाणी काम करावे लागते. काटा मोडला, तो पिकला, दोन दिवस मजुरी बुडाली, तर वर सांगितलेला सगळा हिशेब उलटा होतो. ते नुकसान चपलेच्या खात्यावर कोणी लिहीत नाही.

आणि काटा ही त्यातली लहान गोष्ट झाली. एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. बहुतेक दंश खेड्यांत होतात आणि पायाला होतात. २०१७ च्या खरीप हंगामात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले. त्यामागे औषधांची, पंपांची, वाढलेल्या पऱ्हाटीची अशी अनेक कारणे होती. पण हातमोजे, तोंडाला मास्क आणि पायात गमबूट नसताना फवारणी होत होती, हेही त्यात होते. फवारणीच्या दिवशी रबरी गमबूट ही चैन नव्हे. घरी वर्षाला चार चपला येतात, पण एक गमबूट येत नाही, असे होता कामा नये.

मधुमेहाचा आजार आता खेड्यातही पोचला आहे. त्यात पायाची संवेदना कमी होते, खडा टोचलेला कळत नाही आणि जखम चिघळून बोटे किंवा पाय काढण्याची पाळी येते. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची, एम.सी.आर. म्हणून ओळखली जाणारी पादत्राणे फार वर्षांपासून दिली जातात. त्यांत पायाचा भार सारखा वाटला जातो. तसलीच पादत्राणे मधुमेहींनाही उपयोगी पडतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना मधुमेह असेल, तर त्यांच्या पायातली कडक प्लास्टिकची चप्पल आधी बदला, मग नवा मोबाईल घ्या.

चांगला जोडा ओळखायचा कसा, हा पुढचा प्रश्न. चांगला म्हणजे महाग नव्हे आणि जाहिरातीतलाही नव्हे. आमच्या विद्यार्थी मित्रांमध्ये ‘फर्स्ट कॉपी’ नावाचा प्रकार चालतो. नामांकित कंपनीची खूण, आतून मात्र पुठ्ठा आणि गोंद. मेंढ्याच्या शिंगांची वहाण ती हीच. खूण लोक पाहतात, तळ कोणी पाहत नाही. त्यापेक्षा कसल्याही नावाचा नसलेला, पण नीट शिवलेला जोडा शतपटीने बरा.

दुकानात काही गोष्टी पाहाव्यात. तळ आणि वरचा भाग नुसता चिकटवलेला आहे की कडेने शिलाई आहे? जोडा हातात धरून वाकवावा. बोटांच्या मुळाशी वाकला तर ठीक, मधोमध पुठ्ठ्यासारखा मोडला तर ठेवून द्यावा. तळाला खाचा असाव्यात, नाही तर चिखलात घसरतो. जोडे संध्याकाळी घ्यावेत. दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा सुजतो, सकाळी बसलेला जोडा संध्याकाळी चावतो. दोन्ही पायांत घालून उभे राहावे, अंगठ्यापुढे बोटभर जागा सुटावी. केंद्र शासनाने २०२३ पासून पादत्राणांसाठी दर्जाचे आदेश टप्प्याटप्प्याने लागू केले, तेव्हा आय.एस.आय. खूण आहे का, हेही विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरील वस्तू व सेवा कर ५ टक्के झाला. त्यापूर्वी एक हजारापर्यंत १२ आणि त्यावर १८ टक्के होता. म्हणजे मध्यम किमतीच्या चांगल्या जोड्यावर पूर्वीइतका कराचा भार नाही, हे दुकानदाराशी बोलताना लक्षात असू द्यावे.

घेतलेला जोडा टिकविणेही आपल्या हाती आहे. कातड्याचा जोडा भिजला तर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये, तडे जातात. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवावा, मग पॉलिश करावे. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरावेत, म्हणजे घाम वाळायला वेळ मिळतो आणि दोन्ही अधिक टिकतात. मात्र फोमसारख्या हलक्या पी.यू. तळाचा जोडा लग्नासमारंभासाठी म्हणून वर्षानुवर्षे कपाटात ठेवू नये. दमट हवेने तो न वापरताच आतून कुजतो आणि एके दिवशी त्याचा चुरा होतो. घेतलेली वस्तू वापरणे हेच तिचे जतन.

कोल्हापुरी चपलेचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, खिळा न वापरता कातड्याच्याच वादीने केलेली शिलाई. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून २०१९ साली तिचे भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने तशाच चपला मिलानच्या प्रदर्शनात मांडल्या, तेव्हा कारागिरांचे नावही घेतले नव्हते. येथे आवाज उठल्यावर मूळ भारतीय असल्याचे मान्य केले. ज्या हातांना शतकानुशतके विटाळ मानले, त्यांच्या कसबाची किंमत परदेशात हजारो रुपयांत होते, हे नोंद घेण्यासारखे आहे. पण ही चप्पलसुद्धा आपल्या पावसाळी वावरात घालाल तर आठवड्यात फुगेल. ती कोरड्या दिवसांची आहे. उत्तमातली उत्तम वहाण चुकीच्या जमिनीवर वाईटच ठरते. महाकच्चानांची विनंती येथेही लागू पडते.

आणखी एक लाभ सांगतो. फेकाऊ चपलेला दुरुस्ती नसते. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकला टाका बसत नाही. त्यामुळे रस्त्याच्या कडेला पेटी मांडून बसणाऱ्या चर्मकार बांधवाचा धंदा बसत चालला आहे. आपण शिवता येणारा जोडा घेतो, तेव्हा पुढची तीन वर्षे त्याच्या पेटीलाही काम देतो. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. रविदास जोडे शिवीत. दलित जातींच्या एकीची भाषणे आपण पुष्कळ करतो. तीस रुपयांची शिलाई घासाघीस न करता दिली, तर तेही त्याच एकीचे काम आहे.

आता दोन शंका. पहिली लहान मुलांची. मुलांचे पाय वाढतात. त्यांना ९०० रुपयांचा जोडा घेऊन सहा महिन्यांत तो लहान होणार. बरोबर आहे. वाढत्या मुलांना हा नियम तसाच्या तसा लावू नये. त्यांना मापाचा, मऊ आणि साधा जोडा पुरे. थोरल्याचा धाकट्याला चालेल इतका मजबूत असला म्हणजे झाले. मात्र दोन वर्षे चालावा म्हणून दोन मापे मोठा घेऊ नये, मूल अडखळते. राज्य शासनाने २०२३ साली शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे मोफत देण्याचे ठरविले. त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरले. योजना स्वागतार्ह आहे. पण १७० रुपयांत बूट आणि दोन पायमोजे कसे येतील, हे येथे बसलेली कोणतीही आई सांगेल. आपल्यापैकी जे पालक शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत, त्यांनी आलेला बूट हातात घेऊन वाकवून पाहावा आणि तक्रार असेल तर लेखी द्यावी.

दुसरी शंका अशी की, बुद्धाने तृष्णा सोडा म्हटले आणि तुम्ही चांगले घ्या म्हणता, हे कसे? याचे उत्तर अंगुत्तर निकायातील व्यग्घपज्ज सुत्तात आहे. दीघजाणू नावाच्या कोलीय गृहस्थाने तथागतांना विचारले की, आम्ही संसारी माणसे, बायकामुलांत राहणारी. आमच्या या जन्मातील हिताचे काही सांगा. तथागतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या: उद्योग, मिळविलेल्याचे रक्षण, चांगल्यांची संगत आणि समजीविता. समजीविता म्हणजे आवक आणि जावक जाणून फार उधळेपणाही नाही आणि फार कृपणपणाही नाही, असे समतोल जगणे. हातात तराजू धरणाऱ्याला जसे पारडे किती वर आणि किती खाली ते कळते, तसे गृहस्थाला आपल्या मिळकतीचे कळावे, असा दाखला त्यांनी दिला. दहा जोडे घेणारा उधळा. पायात काटे मोडले तरी पैसा न सोडणारा कृपण. एक चांगला जोडा घेऊन तो नीट सांभाळणारा समजीवी.

वापरलेल्या वस्तूचा शेवटपर्यंत उपयोग कसा करावा, तेही विनयपिटकात आहे. कोसंबीच्या राजा उदेनाने आनंदांना विचारले की, तुम्हांला एवढी चीवरे दान मिळाली, त्यांचे काय करणार? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. आणि जीर्ण झालेल्यांचे? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरींच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची बिछायत, बिछायतीची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी, आणि शेवटी फडकी कुटून मातीत कालवून भुई सारवू. राजाला उलगडा झाला की, येथे काही वाया जात नाही. हे आपल्या आयाबायांना वेगळे शिकवावे लागत नाही. गोधडी शिवणाऱ्या हातांना आनंदांचे उत्तर तोंडपाठ आहे. फक्त बाजाराने आता अशा वस्तू दिल्या आहेत की, ज्यांची पायपुसणीसुद्धा होत नाहीत.

आता मुख्य गोष्टीवर येतो. पहिल्या वर्षीचा तो ३०० रुपयांचा अडसर कसा दूर करायचा? मी समितीपुढे एक योजना ठेवतो. आपल्यापैकी नव्वद जणांनी प्रत्येकी २०० रुपये, म्हणजे एका स्वस्त चपलेची किंमत, एकदाच द्यावी. १८,००० रुपये जमतील. त्यातून वीस जणांना प्रत्येकी ९०० रुपये बिनव्याजी द्यावेत: शेतमजूर स्त्रिया, महाविद्यालयात पायी जाणारी मुले-मुली, मधुमेही वृद्ध. परतफेड महिन्याला ७५ रुपये, बारा महिने. ते आजही वर्षाला ६०० रुपये, म्हणजे महिन्याला ५० रुपये चपलांवर घालवितातच. नवा भार महिन्याला फक्त २५ रुपयांचा, तोही एकच वर्ष. दर महिन्याला समितीकडे १,५०० रुपये परत येतील आणि लगेच आणखी एकदोघांना देता येतील. पैसा संपणार नाही, फिरत राहील. ज्यांची वेचणीची मजुरी दिवाळीनंतर येते, त्यांच्याकडून त्या तीन महिन्यांत अधिक घ्यावे आणि जून-जुलैत हप्ता मागू नये. हिशेबाची वही मी लिहीन. ती दर पौर्णिमेला विहारात सर्वांसमोर वाचली जावी.

जोडे कोणी कोणते घ्यावेत, हे समितीने ठरवू नये. त्याचा पाय, त्याची जमीन. मात्र घेण्यापूर्वी एखाद्या जाणत्याने सोबत दुकानात जावे, आणि एखाद्या स्थानिक चर्मकार कारागिराशी दुरुस्तीचा दर ठरवून घ्यावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला शेवटचे सांगतो. मार्च २०१८ मध्ये शेतकरी-आदिवासी बांधवांचा मोर्चा नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला गेला. त्यांच्या फोड आलेल्या, सोलवटलेल्या पायांची छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. मुंबईच्या लोकांनी त्यांना पाण्याबरोबर चपला दिल्या. २०२० च्या टाळेबंदीत हैदराबादकडून नागपूरकडे जाणाऱ्या, आपल्या पांढरकवड्यावरून गेलेल्या याच महामार्गाने मजुरांचे तांडे चालत गेले. तेव्हाही अनेक ठिकाणी लोकांनी भाकरीबरोबर चपला वाटल्या. पायी चालणाऱ्याला सर्वांत आधी काय लागते, हे संकटात सर्वांना कळते. संकट नसताना कळावे, एवढीच अपेक्षा आहे. तुमच्या वर्गात एखादी मुलगी पावसाळ्यात वारंवार गैरहजर राहत असेल, तर ती आळशी आहे असे समजण्यापूर्वी तिच्या चपलेकडे एकदा पाहा. आणि पाहिले असे तिला कळू देऊ नका, समितीला कळवा.

सोण कोळिविसाने एकट्यासाठी वहाण घेतली नाही, म्हणून ती सर्व संघाला मिळाली. आपल्या समितीतही ज्याला जमते त्याने एकट्याने चांगला जोडा घेऊन थांबू नये. वहीच्या पहिल्या पानावर माझे २०० रुपये मी आज लिहून ठेवतो. पुढची ओळ कोणाची, ते आपण सांगावे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.